रविवारची तबकडी

डब्यात दोन तबकड्या आहेत.
पहिली कामाची. तिच्या पायाला भिंगरी,
लग्नपत्रिका, किरायाचे करारनामे,
मूळव्याधीच्या दवाखान्याचं लेटरहेड.
दुसरी राखणीची.
तिच्यावर बाबांचे काठ आहेत,
एकशे बारा, स्कॅन करून ठेवलेले.
त्यांचे कागद अर्धे वाळवीनं नेले,
उरलेले मी कपाटात कोंडलेत
आणि किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही.

पाचपावलीत मे महिना.
कूलरची टाकी दुपारी दोनलाच कोरडी.
स्क्रीनच्या कोपऱ्यात तबकडीचा ताप, एक्कावन्न.

हेडाऊंचा प्रशील बर्डीवरून आला.
पत्र्याचं झाकण काढून रुई फुंकली.
माग विकून अठरा वर्षं झाली,
आमच्या घरात रुई अजून निघते.
मग तो डब्याला कान लावून बसला.
"ताई, हे तं सारखी उठून राहिली.
फिरत राहिली तं थोडी झिजते,
पण घडीघडी झोपून उठली तं लय झिजते.
कायले उठवता तिले?"

मी कशाला उठवू?

त्यानं आकडा दाखवला.
आजवर नऊ हजार चारशे सहा वेळा
ती थांबल्या जागेवरून गरगरत उठली होती,
तिची सुई कडेच्या उतारावरून घसरत
केसभरही नाही इतक्या अंतरावर तरंगली होती,
आणि बहुतेक वेळा
कोणी काही मागितलंच नव्हतं.

मग त्यानं एकेक दार लावलं.
शोधसूची बंद.
व्हायरसवाल्याला ताकीद, या खोलीत डोकावू नको.
वीस मिनिटं हाक आली नाही तर निजायचं.
नक्कल फक्त रविवारी रात्री दहाला,
तीही जे बदललं तेवढ्याचीच.

बाबा खाटेवरून सगळं बघत होते.
म्हणाले, ताणा रात्री सैल सोडावा लागते.
कसलेलाच ठेवला तं सूत रातभर ओढ खाते
अन् सकाळी पहिल्या ठोक्याले तुटते.
पण सैल कर, कस, सैल कर, कस,
हे बी सुताले सोसत नाही.
"तेच तं म्हणून राहिलो मी, आजोबा,"
प्रशील म्हणाला, आणि दीडशे रुपये घेऊन गेला.

सोमवारी रात्री आकडा चौदानं वाढलेला.
सगळी दारं तर लावलेली.
मंगळवारी मी वही घेऊन पाळतीवर बसले.

सव्वाअकरा. मी, ती दिसते की नाही ते बघायला.
बारा दहा. मी, ताप किती म्हणून.
एक वाजता लाईट गेली, आली. मी,
काही बिघडलं तर नाही ना.
साडेतीन. कारण नाही. मी.
पाच. आकडा वाढला का ते बघितलं,
आणि आकडा बघायलाही
तिला उठावं लागतं.

वहीतल्या त्या सगळ्या 'मी' कडे
मी बराच वेळ बघत राहिले.
मग तिचं चित्र स्क्रीनवरून लपवून टाकलं
आणि हात पदरात घेऊन बसले,
चोरी करताना सापडल्यासारखी.

रात्री कूलर भरला. खाटेजवळ उभी राहिले.
अंधारात बाबांची छाती हलताना दिसेना.
"बाबा, झोपले का?"

"झोपलो होतो न बाप्पा."

कुशीवर वळले. खोकले.
मग म्हणाले, उठवलंच आहे तं ऐक,
रुईफुलाचा एक काठ राहिला.
कागदावर कधी काढलाच नाही तो,
हातातच होता.
आणि चादरीवर बोटानं तारा मोजू लागले,
चार सोडून दोन, चार सोडून तीन,
नाही, थांब, दोनच.

मी वही उलटी केली
आणि मागच्या पानावर चौकटी भरत गेले.
एकशे तेरावा.
मधल्या सहा तारा त्यांना आठवेनात.
उद्या सांगतो म्हणाले, आणि निजले.

आज मंगळवार.
रविवारपर्यंत पाच रात्री.